फॉक्सफेस कोपऱ्यात बसलाय, चार दिवस उपाशी आहे, काय करू?

निळी_खिडकी
शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी, घाईत टंकतेय, चुका सांभाळून घ्या.

आमच्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे, चार फूट बाय दीड बाय दीड, दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण २०० लिटर. लावून पाच महिने झाले. आत क्लाऊनफिशची जोडी, तीन-चार गोगलगायी, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी) होता तो परवा मेला, आणि तीन आठवड्यांपूर्वी आणलेला एक फॉक्सफेस. म्हणजे तो पिवळाधमक, तोंडावर काळा-पांढरा मुखवटा चढवल्यासारखा दिसतो ना, तो.

पहिले दहा दिवस मस्त होता. क्लिपला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) लावली की हातातून ओढून घ्यायचा, लेक तर त्याला रोज शाळेत जाताना टाटा करायची. मग हळूहळू मंद झाला. आता चार दिवस मागच्या दगडाच्या फटीत तोंड खुपसून बसलाय, अंगावर तपकिरी-काळे ढब्बे आलेत, कल्ले जोरजोरात हलतायत, आणि नोरीकडे बघतसुद्धा नाही. क्लाऊनसुद्धा सुस्त वाटतात पण ते थोडंफार खातात.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०, पीएच ८.२, सॅलिनिटी (खारटपणा) १.०२६. उन्हाळा म्हणून टाकीवर दोन छोटे पंखे लावलेत त्यामुळे तापमान ३१ वरून २८ वर आलं. पाण्याची पातळी रोज टेपच्या रेघेवर असते. म्हणजे माझ्या मते सगळं बरोबर आहे तरी असं का? दुकानदार म्हणतो एक बाटली देतो, सगळ्यावर चालते. टाकू का?

आम्ही सिंहगड रोडला राहतो, जवळपास कोणी खाऱ्या पाण्यावाले असतील तर प्लीज सांगा. रात्री झोप लागत नाहीये.

रिकामटेकडा_कोथरूड
शनिवार, रात्री १०:२२

सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून आणलात ना त्याला? मग स्ट्रेस येणारच. मी रोज जातो, माझ्याही अंगावर ढब्बे आलेत.

ह.घ्या. (हलकेच घ्या). मासा बरा होवो.

हडपसरचा_हेमू
शनिवार, रात्री १०:३१

१०० टक्के इक आहे, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. डोळे झाकून कॉपर (तांबं असलेलं औषध) टाका. माझ्याकडे टँग माशाला झालं होतं, कॉपर टाकलं, तीन दिवसात डाग गायब. सोबत लसूण ठेचून रस खाण्याला लावा, इम्युनिटी वाढते. वाट बघत बसू नका, खाऱ्या पाण्यातला मासा सकाळी दिसतो आणि संध्याकाळी नसतो.

डबकं
शनिवार, रात्री १०:४०

ताई, कृपया आज रात्री टाकीत काहीही टाकू नका. ना दुकानदाराची बाटली, ना कॉपर, ना लसूण.

हेमू, राग मानू नको, पण मुख्य टाकीत कॉपर म्हणजे त्यांच्या गोगलगायी उद्या सकाळी उताण्या. शिवाय ते कॉपर दगड शोषून घेतात, पुढे कधी श्रिंप ठेवायचा म्हटला तरी धाकधूक. कॉपर वेगळ्या टाकीत, रोज मोजून द्यायचं औषध आहे. आणि तुझे डाग तीन दिवसात गेले ते कॉपरने गेलेच असतील असं नाही. इकचा परजीवी माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस राहतो, मग आपणहून गळून वाळूत जातो, तिथे कवच करून बसतो आणि शेकडो पिल्लं सोडतो. कॉपर मारतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना. अंगावरचा किडा कातडीखाली असतो, त्याला काही होत नाही. म्हणून डाग गेले की माणूस पेढे वाटतो आणि पंधरवड्यात दुप्पट डाग येतात.

निळीताई, एकच सांगा. ढब्बे मिठाच्या दाण्यासारखे उठलेले पांढरे आहेत, पिठी पसरल्यासारखे आहेत, की कातडीचा रंगच बदलल्यासारखे?

निळी_खिडकी
शनिवार, रात्री १०:५२

कातडीचा रंगच बदललाय, रुपयाएवढे तपकिरी ठिपके. पांढरं काहीच नाही. मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर अजूनच काळा पडला.

डबकं
शनिवार, रात्री ११:०१

आधी तो टॉर्च बंद करा!! :)

हा आजार नाहीच, हा त्याचा भीतीचा वेष आहे. फॉक्सफेस घाबरला की असा चट्ट्यापट्ट्याचा होतो, रात्री झोपतानाही होतो, म्हणजे दगडात मिसळून जावं. मी पहिल्यांदा पहाटे दिवा लावून बघितला तेव्हा मला वाटलं गेला, दहा मिनिटांत परत पिवळा. पण दिवसभर तसाच राहिला तर त्याला काहीतरी सतत छळतंय. काय ते शोधायचं.

तोवर एवढंच करा. टाकीचा दिवा बंद. काचेला तीन बाजूंनी वर्तमानपत्र चिकटवा. पंपाचं तोंड वर करून पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) असेल तर सोडा. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरला ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, खाऱ्यात ६.७ च्या आसपास, आणि पाणी तापलं की तोही कमी. कल्ले जोरात हलत असतील तर सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे हवा.

कर्ली_किनारा
शनिवार, रात्री ११:०९

गो बाय, आमच्यात मासो पानात दिसता, पेटीत नाय. चार दिवस जेवलो नाय म्हणून रात्री झोप नाय, ह्यां फक्त पुण्यात. :)

मस्करी सोडा. ह्या जातीचा मासा जाळ्यात आला की आमच्याकडचे लोक जपून काढतात, पाठीचे काटे विषारी असतात. हात घालून फटीतून ओढून काढायला जाऊ नका.

भिकारदास_मारुती
शनिवार, रात्री ११:२०

काट्यावरून आठवलं. माझ्या मेव्हण्याला फॉक्सफेस टोचलाय. रात्री टाकी साफ करत होता. मनुष्य एरवी दाढ काढतानाही हूं की चूं करत नाही, तो बाथरूममध्ये उभ्याने रडला. मग गरम पाण्यात हात बुडवला, सोसेल इतकं गरम, ४५ अंशाच्या आत, तासभर. हे विष उष्णतेने निकामी होतं म्हणून उतार पडला. तरी डॉक्टरला दाखवलंच. डॉक्टरने विचारलं काय चावलं, हा म्हणाला मासा, डॉक्टर म्हणाले नदीकाठी राहता का, हा म्हणाला सदाशिव पेठेत.

शिंपला२२
शनिवार, रात्री ११:२६

वाचतेय. मला पण खारी टाकी लावायचीय. फॉक्सफेस नवीन आणला तेव्हा त्याला थेंब थेंब पाणी देऊन सवय केली होती का? मी वाचलं तीन-चार तास करायचं असतं. तिथे गडबड झाली असेल का?

डबकं
शनिवार, रात्री ११:३८

शिंपला, चांगला प्रश्न. दहा दिवस हातातून खाल्लं म्हणजे आणतानाची गडबड नसावी. पण तीन-चार तास हे सरसकट खरं नाही. दुकानातून अर्ध्या तासात आणलेला मासा असेल तर सावकाश करा. पण विमानाने, कुरियरने दहा-बारा तास पिशवीत आलेला असेल तर उलट आहे. पिशवीत त्याच्या श्वासाने पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया बिनविषारी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मग तुम्ही चार तास थेंब सोडत बसा आणि मासा आत भाजतोय. अशा वेळी क्वारंटाइनच्या (नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टाकीच्या) पाण्याची सॅलिनिटी आधीच पिशवीइतकी करून ठेवायची, तापमान जुळवायचं आणि लगेच सोडायचा. नंतर दिवसांच्या हिशेबाने मीठ वाढवायचं.

काळा_खडक
शनिवार, रात्री ११:५५

कटू बोलतो. समुद्रापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, एप्रिलमध्ये, चार फुटी काचेत हा मासा का ठेवायचा? फॉक्सफेस वीत-सव्वावीत वाढतो, दिवसभर पोहत चरणारा प्राणी आहे. स्ट्रेस का आला हा प्रश्नच मजेशीर आहे. आणि यातले बरेच मासे समुद्रातून पकडून आणलेले असतात, हे दुकानदार सांगत नाही.

निळी_खिडकी
रविवार, रात्री १२:०४

काळा खडक, तुमचं चुकीचं नाही, पण आत्ता रात्री बारा वाजता तो माझ्या घरात आहे आणि धापा टाकतोय. त्याला बरं कसं करायचं ते सांगता येत असेल तर सांगा, बाकी भांडण उद्या करू. दुकानदाराने "चार फुटी बास होते" असं सांगितलं होतं. आम्ही विश्वास ठेवला.

पेपर लावला. दिवा बंद. एअर स्टोन सोडला.

काळा_खडक
रविवार, रात्री १२:११

मान्य. उद्या भांडू. त्याला पकडायला जाऊ नका एवढं मीही सांगतो.

हडपसरचा_हेमू
रविवार, सकाळी ७:४०

मग क्वारंटाइन टाकीत तरी हलवा? मोकळी टाकी, दोन पीव्हीसी पाइपचे तुकडे लपायला, स्पंज फिल्टर, झालं. निरीक्षण तरी करता येईल. मेन टाकीत ठेवून नुसतं बघत बसणं मला पटत नाही.

डबकं
रविवार, सकाळी ८:०२

क्वारंटाइनला माझा विरोध नाही, तो आणल्या आणल्या करायला हवा होता. पण आता त्याला पकडायला अर्धे दगड काढावे लागतील, जाळीत काटे अडकतील, आणि नवीन टाकीत जिवाणू बसलेले नसतील तर दोन दिवसात अमोनिया. आजार नक्की झाला असता तर मीच म्हटलं असतं पकडा, तेही जाळीने नाही, पाण्यासकट डब्यात. पांढरे ठिपके नाहीत, पिठी नाही, अंग घासत नाही. कशासाठी पकडायचा?

भिकारदास_मारुती
रविवार, सकाळी ८:४५

टाकीशेजारी काही बदल झालाय का? मिक्सर, वॉशिंग मशीन, नवीन टीव्ही? मेव्हण्याची टाकी विसर्जनाच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या खोलीत होती. पहिलं पथक खालून गेलं आणि सगळे मासे एका कोपऱ्यात गठ्ठा. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, आणि काच म्हणजे ढोलाचं पानच की. दुसऱ्या वर्षी टाकीखाली थर्माकोल, वरून आजीची गोधडी, आणि दीड दिवस अंधार. आजी म्हणाली माझ्या बाळंतपणात इतकं केलं नाही कोणी.

निळी_खिडकी
रविवार, सकाळी ९:३०

सकाळी थोडा कमी काळा वाटला पण फटीतच आहे. कल्ले तसेच.

मारुतीराव, टाकीजवळ यंत्र नवीन काही नाही. फक्त मागच्या मागच्या बुधवारपासून सासरे साताऱ्याहून आलेत, ते सकाळी टाकीसमोर खुर्ची टाकून पेपर वाचतात. पण ते अगदी शांत बसतात हो, त्यांना मासे फार आवडलेत.

रिकामटेकडा_कोथरूड
रविवार, सकाळी ९:४१

सासरे समोर बसले की माझाही रंग बदलतो. निदान झालं, धागा बंद करा.

बाकरवडी_बंद_दुपारी
रविवार, सकाळी १०:१०

हसून हसून पुरेवाट. अवांतर: क्लाऊनच्या जोडीत मोठी ती बाई असते ना? आणि बाई गेली की नवराच बाई होतो म्हणे?

डबकं
रविवार, सकाळी १०:१८

हो. सगळे नर म्हणून मोठे होतात, सगळ्यात मोठा असतो तो मादी होतो. मादी गेली की तिचा जोडीदार मादी होतो. अवांतर पुरे.

अथांग_सीमा
रविवार, सकाळी ११:०५

धागा आत्ता वाचला. मी कर्वेनगर, सात वर्षं खारी टाकी आहे.

सगळे फॉक्सफेसकडे बघतायत, मला मेलेला श्रिंप खटकतोय. इक असो, व्हेल्वेट (पिठीसारखा पसरणारा रोग) असो, माशाचा परजीवी श्रिंपला मारत नाही. माशाला आणि कोळंबीला एकाच आठवड्यात त्रास झाला, क्लाऊनही सुस्त, म्हणजे त्या तिघांमध्ये समान काय? पाणी. अमोनिया शून्य आहे, तापमान उलट उतरलंय. मग उरलं मीठ.

निळीताई, तीन प्रश्न.
सॅलिनिटी १.०२६ लिहिलीत, ती मोजली कधी?
दोन पंखे लावल्यावर रोज किती पाणी उडतं?
आणि पातळी रोज रेघेवर असते म्हणताय, ती रेघेवर आणतं कोण आणि कोणत्या पाण्याने?

शिंपला२२
रविवार, सकाळी ११:०९

बाप रे. अंगावर काटा आला.

निळी_खिडकी
रविवार, सकाळी ११:४८

सीमाताई, सॅलिनिटी मोजली होती फॉक्सफेस आणला त्या दिवशी. म्हणजे तीन आठवडे झाले. लाज वाटतेय.

पाणी अडीच-तीन लिटर उडत असेल. भरतो माझा नवरा, आरओचं पाणी, पांढऱ्या कॅनमधून. निदान मला असं वाटत होतं. आत्ता त्याला विचारलं तर तो म्हणतो "मी नाही भरत, मला वाटलं तू भरतेस."

मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग बाबांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे बघितलं.

तर झालं असं की पाणी खाली गेलं की फिल्टर गुळगुळ आवाज करतो. बाबा पहाटे पाचला उठतात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आवाज ऐकला, आम्हाला कशाला उठवायचं म्हणून स्वतःच तांब्याने पाणी घातलं, आवाज थांबला. तेव्हापासून रोज पहाटे रेघेपर्यंत भरतात, एक दिवस चुकला नाही. आणि पाणी कुठलं, तर बाल्कनीतल्या निळ्या ड्रममधलं. तो पाणी बदलायला मीठ कालवून ठेवलेला ड्रम आहे. बाबा म्हणाले, "अगं समुद्राचा मासा ना, मग खारंच घालणार ना, मी चव घेऊन बघितली होती."

ड्रम ५० लिटर भरलेला होता. आत्ता २० उरलंय.

रिकामटेकडा_कोथरूड
रविवार, सकाळी ११:५३

चव घेऊन बघितली!! बाबांना साष्टांग नमस्कार.

अथांग_सीमा
रविवार, दुपारी १२:०६

बाबांना काही बोलू नका, सुरुवातीला मीही दोन महिने हेच करत होते. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. त्यावर पुन्हा खारं पाणी घातलं की रोज मीठ साठत जातं, आणि पातळी रेघेवर असल्यामुळे दिसत काहीच नाही.

हिशेब करा. २०० लिटर, १.०२६ म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे टाकीत सात किलो मीठ. ३० लिटर ड्रममधलं गेलं, म्हणजे आणखी एक किलो पन्नास ग्रॅम. आता टाकीत आठ किलोच्या वर मीठ, पाणी तेवढंच. लिटरला ४० ग्रॅम, म्हणजे १.०३० च्या आसपास.

तुमच्याकडे काट्यावाला हायड्रोमीटर (मीठ मोजायचं साधन) आहे ना? त्याच्या काट्यावर क्षार बसले तर तो आकडा कमी दाखवतो. संध्याकाळी मी रिफ्रॅक्टोमीटर (मीठ नेमकं मोजायचं यंत्र) घेऊन येते, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तोवर घाबरून एकदम गोडं पाणी ओतू नका.

गोठ्यातला_डॉक्टर
रविवार, दुपारी १२:३५

मी जनावरांचा डॉक्टर, शिरूर भागात गाई-म्हशी बघतो, माशांमधलं शिकलेलं परीक्षेपुरतं. पण इथे राहवत नाही म्हणून लिहितो.

समुद्रातला मासा कायम तहानलेला असतो असं समजा. त्याच्या रक्तातलं मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे कल्ल्यांतून, अंगातून पाणी बाहेर ओढलं जातं, मिठात घातलेल्या कैरीच्या फोडीला जसं पाणी सुटतं तसं. तो ते भरून काढायला सतत समुद्र पितो आणि जादाचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर फेकतात. लघवी अगदी थोडी. हे सगळं रात्रंदिवस ताकद खर्चून चालतं. गोड्या पाण्यातल्या माशाचं बरोबर उलट, त्याच्या अंगात पाणी शिरतं म्हणून तो पीत नाही आणि सारखी लघवी करतो.

आता मासा घाबरला की श्वास वाढतो, कल्ल्यांत रक्त जास्त खेळतं, ऑक्सिजन जास्त मिळतो, पण त्याच दारातून पाणीही जास्त जातं. म्हणजे भीतीनेच तो सुकतो. त्यात बाहेर ३५ च्या जागी ४०. हा मासा उपाशी कमी आणि तहानलेला जास्त आहे. म्हणून मला वाटतं त्याला खायला घालायच्या मागे लागू नका, पाणी हलकं करा, खाणं आपोआप येईल.

भिकारदास_मारुती
रविवार, दुपारी १२:४४

थोडक्यात, निळीताईंच्या सासऱ्यांनी अकरा दिवस माशाचं लोणचं घातलं. साताऱ्याची पद्धत असेल.

कर्ली_किनारा
रविवार, दुपारी १:१५

लोणचं नव्हे, खारवणं म्हणतात त्येका. पण आधी मारतात हो.

एक सांगू? तुम्ही मीठ विकत घेऊन कालवता त्यापेक्षा कोकणातून समुद्राचंच पाणी आणलं तर? भाऊ टेम्पोने येतो पुण्याला.

डबकं
रविवार, दुपारी १:२८

आणणारे आणतात. पण किनाऱ्याजवळचं पाणी पावसाळ्यात नद्यांमुळे इतकं फिकं होतं की तुमचा आकडा महिन्या-महिन्याला बदलणार, आणि बंदराजवळ डिझेल, सांडपाणी, सोबत फुकटचे परजीवी. मला आरओचं पाणी आणि पोत्यातलं मीठ बरं.

पाण्यावरून आठवलं, घरातल्या पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडं नळाचं पाणी मिसळणारा स्क्रू असतो, तो बंद करून घ्या, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्याजवळ यायला हवा. आणि गुरुवारी पाणी बंद असलं की आमच्याकडे टँकर येतो, तो बोअरचा, त्याने आरओ महिन्यात चोंदला. म्हणून बुधवारीच साठा करून ठेवत जा.

हडपसरचा_हेमू
रविवार, दुपारी २:०२

माझं निदान चुकलं, मान्य. पण लसणाने माझा टँग खातो हे खरं आहे.

डबकं
रविवार, दुपारी २:१०

वासाने खात असेल, त्याला ना नाही. रोग बरा होतो याला ना आहे.

संपादक
रविवार, दुपारी ३:३०

वरच्या एका प्रतिसादात "टाकीत खरं कोरल आणि समुद्रघोडा लावा, छान दिसेल, मी मिळवून देतो" असं होतं, ते उडवलं आहे. समुद्रघोडे आणि रीफ बांधणारे कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. इथे त्यांची देवाणघेवाण चालणार नाही.

निळी_खिडकी
रविवार, रात्री ९:२०

सीमाताई येऊन गेल्या!! रिफ्रॅक्टोमीटर घरूनच ३५ च्या द्रावणाने जुळवून आणला होता, नुसत्या आरओच्या पाण्याने शून्य करून भागत नाही म्हणाल्या. थेंब टाकला, उजेडाकडे धरला, ४०. बरोबर ४०. मग आमचा हायड्रोमीटर बुडवला, पहिल्यांदा १.०२६ दाखवला, काट्यावर बसलेले क्षार धुऊन काढले तर काटा पार वर. म्हणजे मी आठवड्याला मोजली असती तरी कळलं नसतं कदाचित.

बाबा बाजूला उभे होते. सीमाताईंनी त्यांनाही बघायला दिलं, निळी रेघ कुठे आहे आणि कुठे हवी ते दाखवलं. बाबांनी चष्मा वर करून दोनदा बघितलं आणि मग काहीच बोलले नाहीत, आत जाऊन बसले. जेवायलाही थोडंच घेतलं. आता घरात दोघं उपाशी.

ठरलं असं की रोज ५ लिटर टाकीतलं काढायचं आणि ५ लिटर आरओचं सावकाश, ठिबकत सोडायचं, म्हणजे रोज साधारण एकने उतरेल. वाफेचं पाणी वेगळं, तेही आरओचंच. मासा खाली येताना भराभर सहन करतो पण गोगलगायी नाही म्हणून घाई नको. पहिले ५ लिटर आजच गेले.

गोठ्यातला_डॉक्टर
रविवार, रात्री ९:४१

बाबांना उद्यापासून पांढऱ्या कॅनची जबाबदारी द्या. काढून घेऊ नका त्यांचं काम.

काळा_खडक
रविवार, रात्री १०:०५

हे बरं झालं. माझं भांडण राखून ठेवलंय, विसरलो नाही.

शिंपला२२
मंगळवार, रात्री ८:१२

काही खबर?

निळी_खिडकी
बुधवार, दुपारी ४:५०

आज सकाळी ३७. कल्ले शांत झालेत, मी मोबाईल लावून मोजले, रविवारी मिनिटाला सव्वाशेच्या वर होते ते आज ऐंशीच्या आसपास. ढब्बे फिके पण आहेत. काल संध्याकाळी फटीतून अर्धा बाहेर आला, लेक किंचाळली आणि परत आत. तिला आता टाकीजवळ तोंडावर बोट ठेवून चालायची शिक्षा आहे.

नोरी लावतेय पण दोन तासांनी काढून टाकतेय, कुजायला नको म्हणून. अजून खात नाही. काळजी करू का?

डबकं
बुधवार, संध्याकाळी ५:१५

नका करू. धडधाकट मासा आठवडाभराहून जास्त उपाशी राहू शकतो. क्लिप फटीच्या अगदी जवळ, खाली लावून बघा, त्याला उघड्यावर यायला लागू नये. नोरी बिनमिठाची, बिनतेलाची घेतलीय ना? चटपटीत मसाला लावलेलीपण मिळते हल्ली.

अथांग_सीमा
बुधवार, संध्याकाळी ५:३२

आणि दिवे अजून दोन दिवस मंदच ठेवा.

निळी_खिडकी
शुक्रवार, सकाळी ६:२०

खाल्लं!!!!

मला बाबांनी उठवलं. पहाटे पाचला पांढऱ्या कॅनने पाणी घालायला गेले तर हा क्लिपशी. रात्री लावलेली नोरी मी काढायची विसरले होते, ती तो टराटरा ओढत होता, अंधारातच. बाबा दहा मिनिटं तांब्या हातात धरून हलले नाहीत, हललो तर पळेल म्हणून.

रिकामटेकडा_कोथरूड
शुक्रवार, सकाळी ८:५५

पहिल्यांदा सासऱ्यांच्या बाजूने टाळ्या वाजवतोय.

हडपसरचा_हेमू
शुक्रवार, सकाळी ९:१०

मस्त ताई! मीपण काल रात्री माझी सॅलिनिटी मोजली. सांगत नाही किती निघाली.

काळा_खडक
रविवार, सकाळी १०:३०

आता बरा आहे तर भांडू. सहा फुटी टाकी कधी? नाही जमणार तर याला मोठ्या टाकीवाल्याकडे देणार का? वर्षभरात प्रश्न येणारच आहे.

निळी_खिडकी
रविवार, रात्री ९:४५

काळा खडक, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर अजून नाही. सीमाताईंची टाकी सहा फुटी आहे, त्यांनी "वाढला की बघू" म्हटलंय. आम्ही दोघं हिशेब करतोय, चिलर, स्टँड, मीठ, लाइट बिल, आणि सारखा कागद फाडतोय.

आजची स्थिती: सॅलिनिटी ३५, दोन्ही क्लाऊन भांडखोर झालेत म्हणजे बरे आहेत, फॉक्सफेस दिवसा पूर्ण पिवळा, फक्त कुकरची शिट्टी झाली की अजून ढब्बे येतात. नवीन श्रिंप महिनाभर आणणार नाही.

बाबा दुपारी साताऱ्याला गेले. जाताना निळ्या ड्रमवर लेकीच्या स्केचपेनने "मीठ आहे. हात लावू नये." असं लिहून गेले. फ्रिजवर वही टांगून ठेवलीय, तारीख, तापमान, किती लिटर घातलं, रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा, सही. बँकेत होते ते. आत्ता सातलाच फोन आला होता, कसे आहात वगैरे काही नाही, पहिलं वाक्य: "आजचा आकडा किती?"

भिकारदास_मारुती
रविवार, रात्री ९:५८

सही कोणाची आहे वहीत, तुमची की माशाची?